वनस्पतींच्या समष्टीच्या अभ्यासात संशोधन सहाय्यकाचे काम: रुजू होण्यापूर्वी काय जाणून घ्यावे?

प्रश्न: कळवा_वनस्पती

नमस्कार. मी या वर्षी वनस्पतीशास्त्रात एम.एस्सी. पूर्ण केले असून कळव्याला राहते. एका संशोधन प्रकल्पात सहाय्यक म्हणून काम करण्याविषयी मला विचारणा झाली आहे. ठाणे जिल्ह्यातील पानझडी जंगलात वृक्षांची किती रोपे रुजतात, त्यांतली किती उन्हाळा पार करतात आणि किती पुढे मोठी होतात, हा प्रकल्पाचा मुख्य विषय आहे. त्याच्या जोडीला शेवळ्याचाही अभ्यास आहे. पावसाळ्याच्या तोंडावर आदिवासी बायका ठाण्याच्या बाजारात ज्याच्या जुड्या घेऊन बसतात, तेच हे शेवळे, कंदातून उगवणारी रानभाजी. काही प्लॉट येऊरच्या बाजूला आणि काही शहापूर तालुक्यात आहेत.

मुलाखतीत मला असे सांगण्यात आले की, आखलेल्या चौकोनांतील प्रत्येक रोपाला क्रमांक द्यायचा आणि ठरावीक काळाने परत जाऊन त्याच रोपांची उंची, खोडाची जाडी आणि पाने मोजायची. ऐकायला हे सोपे वाटले, आणि त्यामुळेच थोडी शंका आली. महाविद्यालयात मी ज्या वनस्पती ओळखायला शिकले त्या फुलांवरून. रोपाला तर फूलच नसते. मग दोन पानांच्या रोपाची जात मी कशी सांगणार? दुसरे असे की, रबाळ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीत गुणवत्ता नियंत्रण विभागात नोकरी मिळण्याची शक्यता आहे आणि घरच्यांचा कल अर्थातच तिकडे आहे. येऊरचे नाव काढले की आईला बिबट्या आठवतो. मी नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण नाही, त्यामुळे मानधनाविषयीही स्पष्टता नाही.

ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सांगावे की या कामात डोके किती लागते आणि पाय किती, आणि दोन वर्षांनी हातात नेमके काय उरते?

---

ऐन_आसाणा

मी अशाच एका प्रकल्पात सहाय्यक होतो आणि सध्या पीएच.डी. करतो आहे. तुमच्या प्रश्नाचा रोख बरोबर आहे, कारण या कामाचे वर्णन फसवे असते. एखाद्या जंगलात कोणत्या वनस्पती आहेत याची यादी करणारा माणूस एका ठिकाणी एकदा जातो आणि पुढे सरकतो. समष्टीचा, म्हणजे एका जागेतल्या एकाच जातीच्या सगळ्या वनस्पतींचा, अभ्यास करणाऱ्याला मात्र त्याच रोपाकडे पुन्हा जावे लागते, आणि दर वेळी आधीच्या नोंदीशी ताडून त्या रोपाचे काय झाले याचा निर्णय तिथेच, वाकून, घामाच्या धारा पुसत घ्यावा लागतो. डोके लागते ते या निर्णयात.

आपल्या भागातल्या जंगलाचे उदाहरण घ्या. साग आणि ऐन यांच्या लहान रोपांचा जमिनीवरचा भाग उन्हाळ्यात वाळून जातो आणि मूळ जिवंत राहते. पहिल्या पावसानंतर त्याच मुळातून नवा कोंब येतो. असे अनेक वर्षे चालते आणि मुळात पुरेसा साठा झाला की एखाद्या वर्षी रोप एकदम वर झेपावते. वनखात्याच्या लोकांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. सागाची लागवड 'स्टंप', म्हणजे खोडाचा थोडासा भाग ठेवून छाटलेले मूळ, लावून करतात, ती मुळाच्या याच गुणावर. आता तुम्ही मे महिन्यात प्लॉटवर गेलात आणि वाळलेली काडी पाहून 'मृत' असे लिहिले, तर जून अखेरीस त्याच जागी आलेल्या कोंबाला कोणीतरी नवे रोप समजून नवा क्रमांक देईल. कागदावर एक मृत्यू आणि एक जन्म झाला. जंगलात दोन्हींपैकी काहीच घडले नाही. अशा नोंदी शंभराच्या संख्येने झाल्या की त्या जंगलात रोपे भराभर मरतात आणि भराभर येतात, असे पूर्णपणे खोटे चित्र तयार होते. म्हणून रुजू होताना प्रमुख संशोधकांना पहिला प्रश्न हा विचारावा की, उन्हाळ्यातल्या फेरीत 'मृत' लिहिण्याचा नियम काय आहे. खोड खरवडून आत हिरवे दिसते का ते पाहायचे, की पुढच्या पावसाळ्यापर्यंत निर्णय राखून ठेवायचा? याचे उत्तर त्यांच्याकडे तयार असेल तर प्रकल्प चांगल्या हातात आहे असे समजायला हरकत नाही.

रोपे ओळखण्याची भीती योग्य आहे, पण ती एका पावसाळ्यापुरती. फुलाऐवजी इतर खुणांकडे डोळा वळवावा लागतो. सागाचे कोवळे पान बोटांत चुरडले की लाल रंग उतरतो. कुड्याची पाने समोरासमोर असतात आणि देठ मोडला की पांढरा चीक येतो. ऐनाच्या पानाच्या मागच्या बाजूला, देठाजवळ, ग्रंथी दिसतात. आसाण्याच्या पानांच्या शिरा एकमेकींना समांतर आणि सरळ कडेपर्यंत जातात. या खुणा पुस्तकांत विखुरलेल्या सापडतात, पण बीजपत्रांच्या अवस्थेतल्या रोपासाठी त्यांचाही उपयोग होत नाही. तिथे खात्रीचा मार्ग एकच: ओळखीच्या झाडाखालचे बी, परवानगी घेऊन, गोळा करायचे, पिशव्यांत पेरायचे आणि दर आठवड्याला त्याचे छायाचित्र काढत राहायचे. प्रकल्पाकडे असा संच नसेल तर तो तुम्ही तयार करा. तुमच्या नंतर येणारा सहाय्यक तुमचे नाव काढेल. जे ओळखता आले नाही त्याला 'अनोळखी क्रमांक अमुक' असे लिहावे. अंदाजाने जातीचे नाव लिहिण्यापेक्षा ते शंभर पटीने बरे, कारण अनोळखी रोपाला पुढच्या फेरीत नाव देता येते, पण चुकीच्या नावावर कोणी पुन्हा शंका घेत नाही.

आणखी एक गोष्ट, जी जाहिरातीत कधीच नसते. येऊरच्या पाड्यांवरची किंवा शहापूरकडची जी माणसे तुमच्याबरोबर प्लॉटवर येतील, त्यांना रोपांची ओळख तुमच्या-माझ्यापेक्षा अधिक असते. त्यांनी सांगितलेले स्थानिक नाव नोंदपत्रकात स्वतंत्र रकान्यात, जसेच्या तसे लिहून घ्यावे आणि शास्त्रीय नाव नंतर जोडावे. एकच नाव दोन जातींना लावले जाते असे कधीकधी होते, त्यामुळे दोन्ही रकाने हवेत. त्या व्यक्तीला 'मजूर' म्हणून वागवणारा गट असेल तर तिथली आकडेवारीही बहुधा तितक्याच निष्काळजीपणे गोळा केली जाते, असे माझे निरीक्षण आहे.

---

ऐरोलीकर

माझा अनुभव जंगलाचा नाही, खाडीचा आहे, तरी तुलनेसाठी लिहितो. ठाणे खाडीच्या पूर्व काठाला तिवरांच्या रोपांची मोजणी करणाऱ्या गटात मी काही काळ होतो. तिथे दिवसाचे वेळापत्रक घड्याळावर ठरत नाही, भरती-ओहोटीवर ठरते. ओहोटीच्या त्या थोड्या तासांत जेवढे प्लॉट होतील तेवढे करायचे, आणि पाणी चढू लागले की हातातले रोप अर्धवट राहिले तरी निघायचे. उधाणाच्या दिवसांत पाणी किती वेगाने आणि कुठवर येते, हे भरतीच्या तक्त्यापेक्षा दिव्याचे किंवा ऐरोलीचे कोळी अधिक नेमके सांगतात. चिखलात गमबूट रुतून पायातून निघून येतो, म्हणून घोट्याला घट्ट बसणारे जुने कापडी बूट चांगले.

तिवराच्या बाबतीत एक अडचण अशी की, त्याचे बी झाडावर असतानाच अंकुरलेले असते आणि पावसाळ्यात गळून पाण्याबरोबर वाहते. एका भरतीत प्लॉटमध्ये असंख्य रोपे येऊन टेकतात आणि पुढच्या उधाणाला त्यांतली बहुतेक निघून जातात. ती 'मेली' की 'गेली', हे कळायला मार्ग नसतो. म्हणून मुळे चिखलात धरल्याशिवाय रोपाला टॅग लावायचा नाही, असा नियम आम्ही पाळत होतो. शिवाय प्लॅस्टिकच्या पिशव्या रोपांवर येऊन बसतात आणि रोपे त्याखाली गुदमरतात. ती पिशवी काढावी की तशीच ठेवून नोंद घ्यावी, यावर आमच्यात बराच वाद झाला होता. शेवटी तशीच ठेवायची असे ठरले, कारण आम्ही नसताना ती कोणीच काढत नाही. गेवा या खाडीकाठच्या झाडाच्या चिकापासून डोळे जपा, एवढे मात्र खाडीत उतरणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. तो डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासे होऊ शकते.

नवी मुंबईच्या बाजूने कोणी हे काम करू इच्छित असेल तर ऐरोलीचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र एकदा पाहून यावे. खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग २०१५ साली घोषित झाला आणि २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला, त्यामुळे तिथल्या कामाला परवानगीचे काम थोडे जास्त असते.

---

आकडेमोड

मी संख्याशास्त्राच्या बाजूने या विषयात आलो. सहाय्यकांनी आणलेली नोंदपत्रके माझ्या टेबलावर येतात, त्यामुळे दुसऱ्या टोकाने पाहतो.

तुम्ही जी रोपे मोजणार आहात त्यांचे पुढे काय होते ते समजून घेतलेत तर प्लॉटवरचे कष्ट निरर्थक वाटणार नाहीत. पी. एच. लेस्ली यांनी १९४५ साली प्राण्यांच्या वयोगटांसाठी एक सारणी मांडली: या वर्षी या वयाचे इतके, तर पुढच्या वर्षी त्यांतले किती जगतील आणि किती नवे जन्मतील. वनस्पतींना वय विचारून उपयोग नसतो, कारण वीस वर्षांचे ऐनाचे रोप गुडघ्याएवढेच असू शकते. म्हणून १९६५ साली लेफ्कोविच यांनी सुचवल्याप्रमाणे वयाऐवजी अवस्था घेतात: बीजपत्री रोप, लहान रोप, काठीएवढे झाड, फळणारे झाड. एका अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाण्याचे, त्याच अवस्थेत राहण्याचे, किंवा मागे घसरण्याचे प्रमाण तुमच्या नोंदींतून काढले जाते. त्या सारणीतून एक संख्या निघते, जिला लॅम्डा म्हणतात. ती एकपेक्षा जास्त असेल तर समष्टी वाढते आहे, कमी असेल तर घटते आहे. या सगळ्या गणिताचा पाया म्हणजे तुमच्या पत्रकातला एक रकाना: 'जिवंत', 'मृत' की 'सापडले नाही'.

या तिसऱ्या पर्यायावर माझा फार जोर आहे. समजा शंभर रोपांपैकी साठ जिवंत सापडली, तीस मेलेली दिसली आणि दहा सापडलीच नाहीत. सहाय्यकाने ती दहा मृतांत टाकली तर जगण्याचे प्रमाण साठ टक्के येते; ती दहाही जिवंत होती आणि गवतात दडली होती असे मानले तर सत्तर. हे अंतर एका वर्षाचे आहे. पाच वर्षे हेच प्रमाण राहिले असे धरून गुणाकार केला तर साठ टक्क्यांच्या हिशेबाने शंभरातली साधारण आठ रोपे उरतात आणि सत्तरच्या हिशेबाने सतरा. 'सापडले नाही' असे प्रामाणिकपणे लिहिलेले असेल तर पुढच्या फेऱ्यांवरून रोप नजरेतून सुटण्याची शक्यता किती, याचा अंदाज काढता येतो. प्राण्यांसाठी वापरली जाणारी खूण करून पुन्हा शोधण्याची पद्धत आता वनस्पतींसाठीही वापरतात. मात्र 'मृत' असे लिहून टाकले की ती वाट बंद.

बाकी किरकोळ, पण महत्त्वाचे. तारीख नेहमी वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहा, म्हणजे पाच जून आणि सहा मे यांची अदलाबदल होणार नाही. रिकामा रकाना आणि शून्य यांत फरक करा. पाने मोजली आणि एकही नव्हते तर शून्य, मोजायची राहिली तर तसे शब्दांत. उंची मोजताना खोडाच्या टोकावरच्या कळीपर्यंत की पानाच्या टोकापर्यंत, हे एकदा ठरवून पत्रकाच्या माथ्यावर लिहून ठेवा. काही रोपे दुसऱ्या व्यक्तीने, आधीची संख्या न बघता, पुन्हा मोजावीत. दोघांच्या मापांत येणारा फरक किती, हे कळल्याशिवाय रोप दोन सेंटिमीटर वाढले की मोजणाऱ्याचा हात बदलला, ते मला सांगता येत नाही. आणि प्लॉटवरून परतल्यावर त्याच संध्याकाळी संगणकात नोंद करा. दोन दिवसांनी स्वतःचेच अक्षर परके वाटते.

---

कळवा_वनस्पती

सर्वांचे मनापासून आभार. 'मृत' आणि 'सापडले नाही' यांविषयी मुलाखतीत काहीही बोलणे झाले नव्हते. आता मी स्वतःहून विचारीन. दोन गोष्टी अजून स्पष्ट झालेल्या नाहीत. टॅग रोपाला बांधायचा की जमिनीत रोवायचा, आणि तो हरवला तर रोप पुन्हा कसे ओळखायचे? तसेच शेवळ्याची मोजणी झाडांच्या रोपांसारखीच होते का? कारण त्याचा फुलोरा आधी येतो आणि पान नंतर, असे वाचले आहे.

मानधन आणि सुरक्षितता यांबद्दलही कोणी लिहिल्यास घरी बोलणे सोपे होईल.

---

निवृत्त_अध्यापिका

बाळ, मानधनापासून सुरुवात करते, कारण घरात प्रश्न तोच आहे आणि तो लाजण्यासारखा नाही. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने १ जानेवारी २०२३ पासून लागू केलेल्या दरांनुसार कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ ४२,००० रुपये आहे, आणि त्यावर घरभाडे भत्ता वेगळा. पण ती नेट किंवा गेट यांसारखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांसाठी. तुला नेमणूक 'प्रकल्प सहाय्यक' किंवा 'फील्ड असिस्टंट' म्हणून मिळेल आणि रक्कम प्रकल्पाच्या मंजुरीवर अवलंबून राहील. म्हणून नेमणूकपत्र लेखी घे आणि त्यात चार गोष्टी आहेत का ते बघ: रक्कम किती आणि दरमहा मिळणार की निधी येईल तेव्हा, प्रवास आणि शहापूरकडचा मुक्काम कोणाच्या खर्चाने, अपघात विमा आहे का, आणि तू गोळा केलेल्या आकडेवारीवर शोधनिबंध निघाला तर तुझे नाव लेखकांत येणार की आभारात. चौथा प्रश्न विचारायला विद्यार्थी कचरतात. तो सुरुवातीलाच, शांतपणे विचारावा. चांगल्या संशोधकाला त्याचा राग येत नाही, आणि ज्याला येतो त्याच्याकडे जाऊ नये.

परवानगीचे कागद प्रमुख संशोधकांनी काढायचे असतात, पण जंगलात अडवले जाते ते सहाय्यकाला. येऊरचा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो आणि तिथल्या संशोधनाला राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. परवानगीत तुझे नाव आहे का ते बघ. नुसती मोजणी करण्याची परवानगी असेल तर नमुने तोडता येत नाहीत. बी गोळा करणे किंवा पाने वाळवून नेणे हे त्यात स्वतंत्रपणे लिहिलेले हवे. कागदाची प्रत पिशवीत ठेव आणि त्या भागाच्या वनरक्षकांना आधी कळवून जात जा. ते ओळखीचे झाले की वणवा कुठे लागला, बिबट्या कुठल्या ओढ्याला दिसला, हे तुला आपोआप कळत राहते.

बिबट्याविषयी आईला सांग की मोजणी सकाळी उजाडल्यावर सुरू करून दुपारपर्यंत संपवायची असते आणि संध्याकाळी जंगलात थांबायचे कारण पडत नाही. एकटीने जायचे नाही, हा नियम मात्र बिबट्यासाठी नसला तरी पाळायचाच. माझ्या मते खरी काळजी लहान गोष्टींची. पालापाचोळ्यात फुरसे दिसत नाही आणि तू दिवसभर वाकून पालापाचोळ्यातच हात घालणार आहेस. म्हणून आधी काठीने पाचोळा हलवायचा आणि मगच हात. आपल्याकडे मिळणारे सर्पविषप्रतिबंधक औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर चालते. येऊरकडे झुडपांत बसणारा हिरवा चापडा त्यांत येत नाही, तेव्हा फांदी बाजूला सारतानाही बघून सारावी. दंश झालाच तर कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही न करता, अवयव न हलवता, थेट रुग्णालय. पहिल्या प्लॉटवर जाण्याच्या आधीच सगळ्यांत जवळचे शासकीय रुग्णालय कोणते आणि तिथे हे औषध आहे का, हे चौकशी करून पत्ता लिहून ठेवावा. शहापूरच्या प्लॉटसाठी तो वेगळा असेल. गोचिडांसाठी घरी येऊन कपडे लगेच बदलायचे. खाजकुइली आणि बिब्ब्याचे झाड पहिल्याच दिवशी कोणाकडून तरी दाखवून घे.

रबाळ्याच्या नोकरीविषयी मी वाईट बोलणार नाही. माझ्या अनेक विद्यार्थिनी अशा विभागांत समाधानाने काम करतात. एवढेच म्हणते की तिथेही दिवसभर ठरलेल्या पद्धतीने तीच मोजमापे पुन्हा पुन्हा घ्यायची असतात, म्हणून 'तेच तेच काम' हे कारण देऊन जंगल नाकारू नकोस. घरची आर्थिक गरज तातडीची असेल तर ते कारण पुरेसे आहे. नसेल, आणि पुढे पीएच.डी. करायचा विचार असेल, तर दोन पावसाळे आणि दोन उन्हाळे पाहिलेल्या उमेदवाराला मुलाखतीत काय विचारायचे हे मला ठाऊक आहे आणि ती काय उत्तरे देते हेही ठाऊक आहे. नेटची तयारी मात्र पावसाळ्यात होणार नाही हे धरून चाल.

---

ऐन_आसाणा

टॅगबद्दल. काठीएवढ्या झाडाला ॲल्युमिनियमचा क्रमांक तारेने, खोड वाढायला जागा ठेवून, सैल बांधतात. लहान रोपाला काहीही बांधू नये. त्याच्या बाजूला, ठरलेल्या एकाच दिशेला, धातूची सळई रोवून तिला क्रमांक लावावा. 'ठरलेल्या दिशेला' हे महत्त्वाचे, नाहीतर दोन रोपांच्या मधली सळई कोणाची यावर पुढच्या वर्षी वाद होतो. सळया गुरांच्या पायांनी उखडतात, मुले उचलून नेतात. म्हणून प्रत्येक रोपाचे प्लॉटच्या दोन कोपऱ्यांपासूनचे अंतर टेपने मोजून पत्रकात लिहायचे. मग टॅग गेला तरी दोन अंतरे जिथे मिळतात तिथे रोप असते. मोबाइलच्या जीपीएसवर यासाठी विसंबू नका. दाट झाडीखाली त्याची चूक कित्येक मीटरची असते आणि तुमची रोपे एकमेकांपासून वीतभर अंतरावर असतात. प्लॉट शोधायला जीपीएस, रोप शोधायला टेप.

मोठ्या प्रमाणावर हे कसे चालते याची कल्पना हवी असेल तर तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलातील पन्नास हेक्टरांच्या प्लॉटविषयी वाचा. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने तो १९८८ साली आखला, आणि तिथे एक सेंटिमीटर किंवा त्याहून जाड असलेल्या प्रत्येक खोडाला क्रमांक आहे. आज तिथे काम करणारे कित्येक सहाय्यक तो आखला गेला तेव्हा जन्मलेलेही नव्हते आणि तरी पहिल्या मोजणीचे आकडे आजच्या आकड्यांना जोडता येतात. आपले प्लॉट त्या मानाने पोस्टाच्या तिकिटाएवढे, पण नियम तेच.

---

आकडेमोड

वरच्या मताला एक छोटी पुरवणी आणि एक मतभेद. पुरवणी अशी की, कोपऱ्यांचे खुंट पक्के नसतील तर दोन अंतरांचा काही उपयोग नाही. खुंट हलला की प्लॉटमधले प्रत्येक रोप हलते. मतभेद असा की, कागदी पत्रकाचा आग्रह आता सोडायला हरकत नाही. मोबाइलवर नोंद घेण्याची साधने मागच्या फेरीतली उंची समोर दाखवू शकतात आणि चाळीस सेंटिमीटरचे रोप चारशेचे झाले तर तिथेच अडवतात. भर पावसात ओल्या बोटांनी पडदा चालत नाही, हे मान्य. तेवढ्यापुरते शिसपेन्सिल आणि जाड कागद ठेवावा. फक्त एक सावधगिरी. मागची उंची दिसत असली की मोजणाऱ्याचा हात नकळत तिच्याकडे झुकतो. मी आधी नवे माप लिहून घेतो आणि मगच जुने दिसेल अशी व्यवस्था करायला सांगतो.

---

शहापूर_रानभाजी

शेवळ्याबद्दल लिहितो, कारण आमच्या घरी दरवर्षी ती भाजी होते आणि एका अभ्यासगटाला मी जागा दाखवायला जात असे.

मोजणी झाडांच्या रोपांसारखी होत नाही. पहिल्या पावसाच्या सुमारास, कधी त्याच्या थोडे आधी, जमिनीतून फुलोरा वर येतो. तोच खुडून जुडी बांधतात आणि घशाला खाज येऊ नये म्हणून काकड या झाडाच्या फळांबरोबर शिजवतात. पान त्यानंतर येते. ज्या कंदाला त्या वर्षी फुलोरा आला नाही त्याचे फक्त पान दिसते. म्हणजे जूनच्या सुरुवातीची फेरी चुकवली तर कोण फुलले ते कळत नाही, आणि पावसाळ्याच्या मध्यावरची फेरी चुकवली तर एकूण किती आहेत ते कळत नाही. दोन्ही फेऱ्यांतली नोंद एकाच कंदाला जोडायची असेल तर वर सांगितलेली सळई आणि दोन अंतरे इथेही लागतात. फुलोरा खुडलेला असला तरी खाली राहिलेला दांड्याचा बुंधा काही दिवस दिसतो, त्याला लगेच सळई लावावी.

खुडण्याने समष्टी घटते का, हा प्रश्न तुमच्या प्रकल्पात नक्की असेल. फुलोरा खुडला तर त्या वर्षी त्या कंदाचे बी होत नाही, पण कंद जमिनीत राहतो. त्यामुळे आज मोठे कंद भरपूर दिसले म्हणजे सगळे ठीक आहे, असे मानता येत नाही. बियांपासून आलेली लहान, एकेरी पानाची रोपे आहेत की नाहीत ते पाहायला हवे आणि ती गवतात सहज सुटतात. जिथे खुडतात आणि जिथे कोणी पोहोचत नाही अशा दोन्ही जागी प्लॉट असावेत. खुडणाऱ्या बायकांना आधी विचारून जागा ठरवाव्यात, नाहीतर तुमची सळई पाहून त्या तिथे यायचे टाळतील किंवा सळईच काढून टाकतील, आणि दोन्ही प्रकारे तुमचा आकडा बिघडेल. आमच्याकडे त्या काही जागा दरवर्षी आलटून पालटून सोडतात. तेही विचारून लिहून घ्या.

ओळखण्यात एकच अडचण आहे. पावसाळ्याच्या मध्यावर जंगली सुरणाचे पानही आसपास असते आणि लांबून दोन्ही सारखी दिसतात. सुरणाच्या देठावरून बोट फिरवले की तो खडबडीत लागतो. शंका वाटली तर जूनमध्ये फुलोरा आलेल्या जागेवरचे पान आधी पाहावे आणि त्याच्याशी ताडून बाकीची लिहावीत. यंदा रुजू झालात तर मे संपण्याच्या आधी एकदा येऊन जागा बघून घ्या. पाऊस सुरू झाला की गवत इतक्या झपाट्याने वाढते की मग खुंट रोवायलाही जमीन दिसत नाही.